नमुना क

पाटोद्याच्या ग्रामीण रुग्णालयात, आठ नंबरच्या खोलीत,
कपाटाच्या तिसऱ्या खणात असतो नमुना क.
एकच पान. वर नाव, मध्ये एक कोरडं वाक्य,
त्यात एक शब्द, स्वेच्छेने.
खाली बाईच्या सहीची जागा,
आणि त्याही खाली आणखी एक रेघ:
पतीची सही.

अकरा वर्षं ती रेघ मी छापील समजत होते.

मंदोदरी घुले, वय सत्तावीस, राहणार डोंगरकिन्ही.
दहा आठवडे.
एकटी आली. चपला दाराबाहेर काढल्या,
देवळात काढतात तशा.
लेकरं किती, डॉक्टरांनी विचारलं.
दोन पोरी, म्हणाली,
आणि भिंतीवरची पाटी,
येथे गर्भलिंग निदान केले जात नाही,
सगळ्यांनी एकदम वाचली.
तिने सोडून.

दहा आठवड्यांत पोटातलं पोरगं की पोरगी
ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही,
डॉक्टरांना हे माझ्याहून जास्त माहीत.
पण धाडी पडल्यापासून ते कागदाला भितात,
आणि कागदाला भिणारा माणूस
आणखी एक कागद मागतो.
"नवऱ्याला बोलवा."

"त्यो जेसीबीवर हाय, जालन्याकडं कुठंतरी.
पोट मपलं हाय, सायेब."

मग वळली माझ्याकडे.
"सिस्टर, धाकटीच्या टायमाला तुमीच व्हता ना?
तांबी बसवली तव्हा
कुणाची सही घेतल्ती?"

ट्रे माझ्याच हातात होता.
पहाटेचे तीन, मार्च महिना, टार्गेट अपुरं,
वार पडली आणि पाठोपाठ तांबी.
तिला सांगितलं होतं का?
सांगितलं असेल.
कळांमध्ये बाई कशालाही हो म्हणते,
तो हो आम्ही रजिस्टरात उतरवून घेतो.
कधी कधी न म्हटलेलाही.

ती तांबी जागची हलली, चार वर्षांनी,
आणि शेजारी दिवस राहिले.
कायद्यात याला नाव आहे, साधन निकामी होणे.
कायद्यात हेही आहे की अठरा पूर्ण झालेल्या बाईची
फक्त तिची संमती.
ऐकलं होतं मी बीडच्या ट्रेनिंगला,
जेवणानंतरच्या सत्रात, पेंगत.

पान खिडकीशी नेलं.
रेघ उजवीकडे किंचित उतरती,
टोकाला शाईचा गोळा.
माझ्या आधीच्या कुणीतरी
पट्टी न घेता बॉलपेनने ओढलेली,
मग झेरॉक्स, झेरॉक्सची झेरॉक्स,
होता होता सरकारी झालेली.

"सर, ही रेघ आपली आहे. कायद्याची नाही."
आवाज नको तेवढा मोठा निघाला.
डॉक्टरांनी पान उजेडात धरलं. बराच वेळ.
मग पेन सरकवलं तिच्याकडे,
तिच्याकडे न बघता.

"स्वेच्छेने म्हंजी?"
"मपल्या मनानं."
"मंग तसंच छापायचं की."

सही करायला तिला वेळ लागला.
नाव लांब, जागा तोकडी,
शेवटची री घसरली खालच्या रेघेवर
आणि तिथेच बसली.

दुपारी उठून बसली तेव्हा चहा नको म्हणाली.
तांबी दाखवा म्हणाली.
स्टीलच्या वाटीत होती, बोटाच्या पेराएवढी,
शेपटीला दोरा.
"एवढीशी?"
चार वर्षं सोसलेली कंबर
तिने एका हाताने धरून ठेवली होती.
न्यायची आहे का, मी विचारलं.
नियमात बसत नसताना विचारलं.
"ऱ्हाऊ द्या. मपली नव्हतीच ती."

सव्वाचारच्या गाडीने गेली.
तिचं पान लिफाफ्यात घातलं, तोंड चिकटवलं,
वर लिहिलं, गुप्त.

खणात अजून साठेक पानं आहेत.
स्टोअरमधून व्हाइटनर मागवलं,
बाटली जुनी, आत घट्ट झालेली.
तीन पानं झाली.
वाळल्यावर तिन्हींवर
रेघ खालून दिसतेच आहे.